टाके पिकले, त्याची नोंद कोठे?

डिसेंबर २०२४च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी डोके खाजणे, मग केस हातात येणे आणि काही दिवसांतच टक्कल पडणे, असा तो प्रकार होता. आरोग्य खात्याची पथके गावोगाव फिरली, घरोघर मोजणी झाली, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे शास्त्रज्ञ येऊन तपासणी करून गेले. रुग्णांचा आकडा वृत्तपत्रांतून नित्य प्रसिद्ध होत होता आणि तो दोनशेच्या पुढे गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या नमुन्यांची तपासणी करून रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. या व्याधीने कोणाचा प्राण घेतला नाही. तथापि रुग्ण मोजले गेले, कोणत्या गावात किती हे कळले, आणि म्हणूनच कारणाचा शोध घेता आला. शासनयंत्रणेने मनावर घेतले तर ती किती बारकाईने मोजू शकते, याचा हा पुरावा आहे.

याच जिल्ह्यात दुसरी एक मोजणी मात्र लोकांच्या दृष्टीस पडत नाही. शस्त्रक्रियेनंतर किती रुग्णांचे टाके पिकले, किती बाळंतिणींना घरी गेल्यावर ताप भरला, खाटेला खिळलेल्या किती वृद्धांच्या पाठीला व्रण पडले, किती जणांना एकाऐवजी दुसरे औषध वा औषधाची चुकीची मात्रा दिली गेली, नवजात अर्भकांच्या कक्षात उपचारासाठी आणलेल्या किती बालकांना तेथेच जंतुसंसर्ग जडला, या प्रश्नांचे उत्तर बुलढाण्याच्या नागरिकाला कोठेही वाचावयास मिळत नाही. हा दोष एकट्या बुलढाण्याचा नव्हे. राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत हीच स्थिती आहे. तेरा तालुक्यांच्या आणि २०११च्या जनगणनेनुसार पंचवीस लाख शहाऐंशी हजार लोकवस्तीच्या या जिल्ह्यात माणूस आजार घेऊन रुग्णालयात जातो. तेथे आणखी एक आजार त्याच्या गळ्यात पडला काय, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. पण उत्तर देण्याजोगा आकडा समोर नाही.

कामाचा हिशेब, परिणामाचा नाही

सरकारी रुग्णालयांत आकड्यांची टंचाई आहे असे कोणी म्हणणार नाही. बाह्यरुग्ण किती, आंतररुग्ण किती, प्रसूती किती, त्यांत सिझेरियन किती, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया किती, याचे तक्ते दरमहा वर जातात. त्यांसाठी देशव्यापी माहिती प्रणाली २००८पासून अस्तित्वात आहे. पण या तक्त्यांचा स्वभाव पाहिला तर तो प्रामुख्याने कामाचा हिशेब आहे. किती माणसे आत आली आणि त्यांच्यावर काय केले, एवढे तो सांगतो; ती माणसे कोणत्या स्थितीत बाहेर पडली, हे त्यातून नीटसे उमगत नाही.

केवळ कामाचा हिशेब ठेवला की काय घडते, याचे भीषण उदाहरण छत्तीसगढमधील बिलासपूर जिल्ह्याने नोव्हेंबर २०१४मध्ये दाखविले. तखतपूरच्या शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदीची शस्त्रक्रिया उरकण्यात आली. शस्त्रक्रियांची संख्या तक्त्यात शोभण्याजोगीच होती. परंतु जिल्ह्यातील त्या शिबिरांनंतर डझनाहून अधिक स्त्रिया प्राणास मुकल्या. ज्या यंत्रणेला केवळ संख्या विचारली जाते, ती संख्याच देते. सुखरूप घरी परतलेल्यांची संख्या तिला कोणी विचारलीच नव्हती.

शासनाला या उणिवेची जाणीव नाही, असेही म्हणता येणार नाही. रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी २०१५मध्ये ‘कायाकल्प’ योजना आली. प्रसूतिकक्षांच्या सुधारणेसाठी २०१७च्या अखेरीस ‘लक्ष्य’ आले. केंद्राने २०१८ ते २०२५ या काळासाठी राष्ट्रीय रुग्णसुरक्षा आराखडाही तयार केला. राष्ट्रीय गुणवत्ता मानकांत शस्त्रक्रियेच्या जखमेतील जंतुसंसर्गाचे प्रमाण आणि अनिष्ट घटनांची संख्या नोंदविण्याची तरतूद आहे. म्हणजे फूटपट्टी कपाटात आहे. पण मूल्यांकनाचे पथक येण्याच्या सुमारास ती बाहेर काढावयाची आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागले की पुन्हा कपाटात ठेवावयाची, अशी रीत पडली तर त्या फूटपट्टीचा रुग्णाला काही उपयोग नाही.

मोजण्यातून सुटका

मोजणीने रुग्ण वाचतात, हा विचार नवा नाही. व्हिएन्नाच्या प्रसूती रुग्णालयात १८४६ साली दोन विभाग होते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विभागात ४,०१० प्रसूतींमागे ४५९ माता दगावल्या. सुइणींच्या विभागात ३,७५४ प्रसूतींमागे १०५. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने ही दोन प्रमाणे शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा हवा, नशीब, स्त्रियांची प्रकृती ही सारी स्पष्टीकरणे गळून पडली. कारण हवा आणि स्त्रिया दोन्हीकडे सारख्याच होत्या. शवविच्छेदन करून आलेले हात थेट प्रसूतीसाठी वापरले जात होते, हा फरक त्याला दिसला. क्लोरीनयुक्त द्रावणात हात धुण्याची सक्ती झाल्यावर १८४८मध्ये पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आले. जंतूंचा सिद्धांत तोवर प्रस्थापित व्हावयाचा होता. औषध नव्हते, यंत्र नव्हते. होती ती दोन विभागांची प्रामाणिक नोंद. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आकडे ठेवावेत म्हणून १८६०च्या लंडन येथील सांख्यिकी परिषदेपुढे आपले तक्ते मांडले, ते याच श्रद्धेपोटी.

महाराष्ट्राला तर अशा उदाहरणासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याचेही कारण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आधी गावागावांतील प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू मोजला. नंतर आरोग्यदूत स्त्रियांना घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्यास शिकविले आणि पुन्हा मोजले. नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हे १९९९ साली जगापुढे आले. २००१मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातील बालमृत्यूंची सरकारी नोंद वास्तवापेक्षा किती तोकडी आहे, हे दाखविले तेव्हा प्रथम आकड्यांवरच वाद पेटला. तो वाद इष्टच होता. न मोजलेल्या मृत्यूवर वादही होत नाही.

अमेरिकेत मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी रक्तवाहिनीत नळी घालताना पाळावयाच्या पाच साध्या गोष्टींची यादी केली आणि संसर्गाचे प्रमाण सतत मोजले. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नळी असलेल्या दर हजार दिवसांमागे सरासरी ७.७ असलेले संसर्ग दीड वर्षात १.४वर आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-यादीची आठ शहरांत चाचणी झाली, त्यांत दिल्लीही होती. २००९मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार तेथील शस्त्रक्रियांनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण अकरावरून सात टक्क्यांवर आले.

पण यादी म्हणजे गंडादोरा नव्हे. सुरक्षित प्रसूतीच्या यादीचा उत्तर प्रदेशातील १२० आरोग्यकेंद्रांत मोठा प्रयोग झाला. परिचारिकांच्या कामात सुधारणा दिसली. पण माता व बालकांच्या मृत्यूंत अपेक्षित घट आढळली नाही, असे २०१७ साली संशोधकांनीच प्रांजळपणे जाहीर केले. केवळ ‘यादी भरली’ एवढेच मोजले असते, तर तो प्रयोग यशस्वी म्हणून मिरविला गेला असता. परिणाम मोजला म्हणून सत्य कळले. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याने घ्यावयाचा खरा धडा हा आहे.

आक्रोशानंतरची चौकशी

मोजणीची सवय नसली की रुग्णालयाचा प्रश्न केवळ आक्रोशातूनच वर येतो. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दोन तारखांच्या दरम्यान नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळवा येथील रुग्णालयात चोवीस तासांत १८ मृत्यू झाले होते. एक बाजू औषधांच्या तुटवड्याचा आरोप करीत होती. दुसरी बाजू म्हणत होती की, दूरवरून अत्यवस्थ रुग्ण येतात, त्यामुळे मृत्यू होतात. दोन्ही बाजूंकडे एक गोष्ट नव्हती: त्या रुग्णालयात, त्या प्रकारच्या रुग्णांमध्ये, एरवी किती मृत्यू होतात आणि त्यांतील किती टळण्याजोगे असतात, याचा लोकांसमोर आधीपासून असलेला आकडा. तो असता तर २४ ही संख्या नेहमीची की असाधारण, हे तासाभरात ठरले असते. तो नव्हता, म्हणून एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करावयास लावण्याचा प्रकार घडला आणि राज्याने तो पाहिला. शौचालय स्वच्छ असावे, यात शंका नाही. परंतु अपमान ही चौकशी नव्हे.

भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१च्या मध्यरात्रीनंतर नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बालकांचा अंत झाला. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपुष्टात आली. त्याच महिन्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने ती बचावली आणि संबंधितांवर कारवाई झाली. शिक्षा योग्य की अयोग्य, हा वेगळा प्रश्न. परंतु शिक्षा झाली की प्रकरण मिटले, ही समजूत घातक आहे. लसीच्या जागी दुसरीच बाटली हाती येऊ शकेल अशी मांडणी का होती? वायरिंग आणि यंत्रे यांची तपासणी कितव्यांदा पुढे ढकलली गेली? अशा थोडक्यात टळलेल्या घटना याआधी किती घडल्या होत्या? या प्रश्नांची उत्तरे निलंबनाच्या आदेशात नसतात. ज्या परिचारिकेला ठाऊक आहे की चूक सांगितली तर नोकरी जाईल, ती चूक सांगणार नाही. आणि न सांगितलेली चूक दुसऱ्या पाळीत, दुसऱ्या हातून पुन्हा होईल.

अर्थात सर्वच गोष्टींवर क्षमेचे पांघरूण घालावे असे नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषधखरेदीपासून मंत्रालयापर्यंतची कुजलेली साखळी उघडी केली. तेथे दोष ठरविणे आवश्यकच होते. भ्रष्टाचार, मद्यधुंद अवस्था, रुग्णाला टाकून निघून जाणे यांना शिक्षाच हवी. पण थकलेल्या हाताकडून झालेली चूक आणि सडलेल्या मनाकडून झालेला गुन्हा यांत भेद न करणारी यंत्रणा पहिली लपविते आणि दुसऱ्यालाही हाती लागू देत नाही. मातामृत्यूंच्या अन्वेषणात नाव नको, दोषारोप नको, कारण हवे, हे तत्त्व देशात मान्य झालेच आहे. तेच तत्त्व जिवंत राहिलेल्या, पण इजा झालेल्या रुग्णापर्यंत न्यावयाचे आहे.

काय मोजावे, कसे मोजावे

बुलढाण्यात हे होऊ शकेल काय? होऊ शकेल, आणि त्यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प नको. सुरुवात पाच गोष्टींपासून करावी: शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत पिकलेली जखम, शय्याव्रण, औषध वा रक्त देताना झालेली चूक, दाखल झाल्यापासून अठ्ठेचाळीस तास उलटल्यावर नवजात बालकाला जडलेला संसर्ग, आणि प्राणवायू किंवा वीज खंडित होण्याचा प्रत्येक प्रसंग. यांतील शेवटची गोष्ट कोणाला किरकोळ वाटेल. नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण गेले, हे आठवले म्हणजे ती किरकोळ वाटणार नाही.

नुसती संख्या मात्र फसवी असते. मोठ्या रुग्णालयात नऊ जणांना व्रण पडले आणि छोट्यात तिघांना, म्हणून छोटे चांगले ठरत नाही. महिन्याचे तीस दिवस रोज सरासरी दीडशे खाटा भरलेल्या असतील तर ते साडेचार हजार खाटा-दिवस झाले. त्यांत नऊ व्रण म्हणजे हजारी दोन. पुढच्या वर्षी याच महिन्यात हे प्रमाण हजारी एक झाले काय, एवढेच त्या रुग्णालयाने स्वतःला विचारावे. एका महिन्याच्या चढउतारावरून हर्षही नको, शोकही नको. वर्षाची रेघ पाहावी.

रुग्ण घरी गेल्यावर पिकलेले टाके कोण पाहणार, हा रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तर गावातच आहे. रुग्णालयातील प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आशा कार्यकर्ती सहा वेळा बाळ-बाळंतिणीची विचारपूस करावयाची असते. सिझेरियन झालेल्या मातेची जखम लाल आहे काय, त्यातून पू येतो काय, ताप आहे काय, हे तीन प्रश्न तिच्या वहीत घातले आणि वहीतील उत्तर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथे परत पोहोचले, की जिल्ह्याला प्रथमच खरा आकडा मिळेल. या जादा कामाचा मोबदला आशांना दिला पाहिजे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे. फुकटच्या श्रमावर उभारलेली नोंद टिकत नाही.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. अत्यवस्थ रुग्णाला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठविले आणि तो तेथे दगावला, तर मृत्यू त्या रुग्णालयाच्या खाती लागतो. ज्याने उशिरा पाठविले, अथवा पाठविण्याची गरज नसता पाठविले, त्याची पाटी कोरीच राहते. केवळ मृत्युसंख्येवर गुणांकन केले तर रुग्णाला दुसऱ्या दारी ढकलण्यास उत्तेजन मिळेल. म्हणून नोंद रुग्णालयामागे न फिरता रुग्णामागे फिरली पाहिजे. पाठविलेल्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले, हे पाठविणाऱ्या डॉक्टरला कळविण्याची व्यवस्था हवी. डॉक्टरांनाही ती हवीच असेल. आपण पाठविलेला रुग्ण जगला की गेला, हे न कळणे हा त्यांच्यावरही अन्यायच आहे.

या कामाला बळ देणारी एक गोष्ट जिल्ह्यात नुकतीच घडली आहे. २०२४मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे केवळ शंभर विद्यार्थी आणि एक इमारत नव्हे. तेथे सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि समुदाय वैद्यकाचा विभाग असतो. जखमेतून कोणता जंतू निघाला हे पहिली सांगेल आणि आकड्याचा अर्थ दुसरा लावील. पहिल्या तुकडीच्या विद्यार्थ्यांना आपल्याच रुग्णालयातील इजा मोजण्यास शिकविले, तर ते पुढे जेथे जातील तेथे ही सवय घेऊन जातील.

खासगी रुग्णालयांनाही यातून वगळता येणार नाही. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथील शेतकरी पैशाची तजवीज करून खासगी दवाखान्यातही जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून जेथे शस्त्रक्रियेचे पैसे दिले जातात, तेथे त्या शस्त्रक्रियेनंतर जखम पिकली काय, एवढे विचारण्याचा हक्क पैसे देणाऱ्या शासनाला आहे. ही माहिती प्रथम दवाखान्यांची प्रतवारी लावण्यासाठी वापरू नये. तसे केले तर आकडे सुंदर होतील आणि रुग्ण होते तेथेच राहतील.

यावर असे म्हटले जाईल की, जेथे एका परिचारिकेकडे अख्खा कक्ष सोपविलेला असतो, पदे रिक्त असतात, तेथे नोंदीचे ओझे कोठून घालता? आक्षेप खरा आहे, पण त्याचा निष्कर्ष उलटा आहे. परिचारिका कमी असल्या की शय्याव्रण वाढतात, कारण रुग्णाची कूस वेळेवर बदलली जात नाही. ही गोष्ट आज केवळ तक्रार आहे. आकडा मिळाला की ती मागणी होईल. रिकाम्या पदांची किंमत रुग्णाच्या पाठीवर किती उमटते, हे दाखविणारा तक्ता कोणत्याही निवेदनापेक्षा मंत्रालयात अधिक बोलका ठरेल. दरमहा पाच ओळी लिहिण्याचे श्रम परिचारिकेला भारी नाहीत. भारी आहेत ती तेच ते तक्ते पुन्हा पुन्हा भरण्याचे. त्यांतले निम्मे रद्द करून हे पाच घालावेत.

शेवटी जबाबदारी येते ती जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, महाविद्यालयाचे अधिष्ठाता आणि रुग्ण कल्याण समिती यांच्यावर. आणि तितकीच लोकप्रतिनिधी, वृत्तपत्रे व नागरिक यांच्यावर. अधिकाऱ्यांनी हा तक्ता दर तिमाहीस रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर, मराठीत, लावावा. पहिल्या वर्षी आकडा मोठा दिसेल. तो मोठा दिसणे हे रुग्णालय बिघडल्याचे नव्हे, तर नोंद खरी होऊ लागल्याचे लक्षण असेल. त्या दिवशी जे आमदार विधानसभेत निलंबनाची मागणी न करता, हे प्रमाण पुढील वर्षी किती करणार आणि त्यासाठी काय हवे, असे विचारतील, ते जिल्ह्यातील रुग्णांची खरी सेवा करतील. शून्य लिहिणाऱ्या रुग्णालयाला शाबासकी आणि खरे लिहिणाऱ्याला नोटीस, हा न्याय ज्या दिवशी उलटा होईल, त्या दिवसापासून बुलढाण्यातील पिकलेले टाके कमी होऊ लागतील.